गडहिंग्लज भागात आरटीपीसीआर लॅब उभी करावी का? अनुभवी लोकांनी सांगा

गडहिंग्लजकर

मंडळी, नमस्कार. आमच्याकडं एका विश्वस्त मंडळाचं छोटं रुग्णालय आहे, मी त्या मंडळावर आहे. डॉक्टर नाही, हिशेबाची कामं बघतो. मुंबईत नोकरीधंद्याला असलेल्या आमच्या तालुक्यातल्या लोकांनी मिळून बऱ्यापैकी रक्कम उभी केली आहे आणि त्यांची इच्छा आहे की इथं साथरोगांची तपासणी करणारी लॅब व्हावी.

या इच्छेमागं कारण आहे. २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून गावाकडं आलेली माणसं शाळांच्या वर्गात ठेवली होती. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड, सगळीकडं तेच. बाकं भिंतीला लावलेली, फळ्याखाली सतरंज्या, दारात घरून आलेले डबे. स्वॅब घेतला की रिपोर्टची वाट. आधी नमुने पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत) जायचे, मग मिरजेला, पुढं कोल्हापुरात शेंडा पार्कातली लॅब सुरू झाली तेव्हा जरा हायसं वाटलं. पण दीडदोन तासांचं अंतर आणि तिथं आधीच साचलेले ढीग. ज्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह येणार होते ती माणसंही त्या वर्गात पॉझिटिव्ह माणसाशेजारी झोपली. ते डोक्यातून जात नाही कुणाच्या.

आता मंडळात दोन मतं आहेत. एक म्हणतं, दोन खोल्या रिकाम्या आहेत, मशीन घ्या, विषय संपला. दुसरं म्हणतं, साथ गेल्यावर ते धूळ खाईल. ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांनी सांगावं, आधी काय बघायचं?

सूक्ष्मदर्शी

दादा, मशीन घ्यायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली, २०२० आणि २१ ही दोन्ही वर्षं कोविड लॅबमध्ये होते.

मशीन थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी खोल्या बघा. आरटीपीसीआरमध्ये आपण विषाणूच्या आरएनएचा एक ठरावीक तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवतो, म्हणून नमुन्यातला अगदी थोडासा विषाणूही सापडतो. धोका पण त्यातच आहे. वाढवून झालेली एक नळी चुकीच्या खोलीत उघडली, तर त्यातले डोळ्यांना न दिसणारे थेंब पुढच्या नमुन्यांत जातात आणि धडधाकट माणूस पॉझिटिव्ह ठरतो. म्हणून कामाची दिशा एकच असावी लागते. एका खोलीत रसायनांचं मिश्रण तयार होतं, तिथं रुग्णाचा नमुना कधीच जात नाही. दुसऱ्या खोलीत नमुने उघडतात, विषाणू निष्क्रिय करून आरएनए वेगळा काढतात. तो मिश्रणात घालायची जागा त्यापुढची, आणि मशीन सगळ्यात शेवटी. अंबाबाईच्या दर्शनाची रांग कशी एका दारानं आत जाते आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडते, तसं. माणूस, पिपेट, अॅप्रन, पेन, काहीही उलट्या दिशेनं येता कामा नये. मिश्रणाच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त हवा, म्हणजे बाहेरचं आत शिरत नाही. नमुन्यांच्या खोलीत कमी हवा, म्हणजे आतलं बाहेर जात नाही. दोन खोल्यांत हे बसवणं अवघड आहे. तीन तरी हव्यात, चार असल्या तर उत्तम.

एका लॅबमध्ये (नाव नको) निगेटिव्ह कंट्रोलच पॉझिटिव्ह यायला लागला. प्रत्येक प्लेटमध्ये, म्हणजे एका वेळी बरेच नमुने लावायच्या खान्यांच्या ताटलीत, एक खाना असा ठेवतात की त्यात रुग्णाचं काहीच नसतं, नुसतं पाणी. तिथं मशीनवरचा आलेख वर चढला की अख्ख्या प्लेटवरचा विश्वास उडतो. टेबलं पुसली, पिपेट बदलले, रसायनांचा नवा डबा फोडला, तरी तेच. शेवटी कारण सापडलं पॅसेजमधल्या एका खुंटीवर. मशीनच्या खोलीतले आणि मिश्रणाच्या खोलीतले अॅप्रन जेवायला जाताना एकावर एक अडकवले जात होते. तोवर किती गावांचे रिपोर्ट अडकले असतील! प्रत्येक खोलीला स्वतंत्र खुंटी, स्वतंत्र रंगाचे अॅप्रन, ही बिनखर्चाची गोष्ट आहे, पण नकाशा काढतानाच ती लिहावी लागते.

उद्यमनगर

सूक्ष्मदर्शीताईंनी दाबाचं लिहिलंय त्यावर मी सांगतो, कारण आमी दोन ठिकाणी पार्टिशनचं आणि एसीचं काम केलंय.

गडहिंग्लजकर दादा, साधा स्प्लिट एसी नमुन्यांच्या खोलीत लावू नका. तो तीच हवा फिरवत बसतोय. तिथं हवा बाहेर ओढणारा पंखा पायजे, फिल्टर लावून, आणि ती हवा जिथं माणसं उभारतात तिकडं सोडायची न्हाई. दारं आपोआप मिटणारी. एका वेळी दोन्ही दारं उघडली की दाब गेलाच म्हणून समजा. भिंत आणि फरशीचा कोपरा गोल करून घ्या, म्हणजे पुसता येतोय. नमुने आत द्यायला पास बॉक्स लागतो, स्टीलचा, दोन झाकणांचा, एक उघडलं की दुसरं लॉक. हे असलं आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, कुणीबी चांगलं बनवून देईल, बाहेरनं मागवायची गरज न्हाई. फौंड्रीला पार्ट देणाऱ्या गावाला पास बॉक्स म्हणजे काय अवघड?

पण एक गोष्ट बनवून घ्यायची न्हाई. बायोसेफ्टी कॅबिनेट, म्हणजे नमुने उघडायची, हवा गाळणारी पेटी. ती कंपनीचीच घ्या, क्लास टू ए-टू प्रकारची, आणि दरवर्षी तपासून सर्टिफिकेट घ्या. समोरच्या फटीतनं आत जाणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला १०० फुटांच्या आसपास लागतोय, फिल्टर जाम झाला की तो पडतो आणि डोळ्याला काय दिसत न्हाई. एसीचा झोत, पंखा, दार, यांच्या वाटेत कॅबिनेट ठेवली तरी तेच होतंय.

लाईटचं पण बगा. थ्री फेज, वेगळं अर्थिंग, यूपीएस, जनरेटर. मशीन चालू असताना लाईट गेली तर ती फेरी वाया.

सूक्ष्मदर्शी

उद्यमनगर दादा, अगदी बरोबर. आणि एक घोटाळा मी बघितलाय तो इथंच सांगते. जुनी लॅमिनार फ्लोची टेबलं कॉलेजांमध्ये, टिश्यू कल्चरवाल्यांकडं असतात. कुणी देणगी म्हणून देऊ केलं तर नमुन्यांसाठी घेऊ नका. त्यातली बरीचशी स्वच्छ हवा काम करणाऱ्याच्या अंगावर सोडतात. आतलं रोप जपायला ते ठीक आहे. रुग्णाचा नमुना ठेवला तर त्यातलं सगळं थेट तंत्रज्ञाच्या तोंडावर येतं. दिसायला दोन्ही सारखीच, काचेची पेटी आणि आत दिवा.

कागलची_सिस्टर

मशीनचं सगळे बोलतायत, मी स्वॅबचं बोलते. लॅब कितीही चांगली असली तरी आमच्या हातात नमुना बिघडला तर पुढं काही होत नाही.

सुरुवातीला आम्हाला घाईघाईनं शिकवलं आणि उभं केलं. नाकातला स्वॅब वरच्या दिशेनं नाही, टाळूला समांतर आत न्यायचा असतो, अडेपर्यंत. तिथं काही सेकंद ठेवून हळू फिरवायचा. लोक डोकं मागं घेतात, शिंक येते, डोळ्यांत पाणी येतं. पीपीई किटमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात गॉगलवर वाफ धरलेली असताना पन्नासाव्या माणसाला तितक्याच शांतपणे करायचं, हे कौशल्य आहे. त्याचं प्रशिक्षण साथ आल्यावर द्यायचं नसतं.

आणि लेबल! नाव झाकणावर लिहायचं नाही, नळीवर लिहायचं. झाकणं अदलाबदल होतात. साध्या पेनानं लिहिलं की बर्फाच्या पेटीतल्या ओलाव्यानं शाई पसरते आणि लॅबला पोचेपर्यंत ‘पाटील’ कोण आणि ‘पोवार’ कोण कळत नाही. एका गावात दहा पाटील असतात. नळीतलं गुलाबी द्रव पिवळं पडलेलं दिसलं तर तिच्यात स्वॅब घालू नका, ती बाजूला काढा. झाकण फिरवून घट्ट झालंय का बघा, एक नळी गळली की पेटीतले सगळेच अडचणीत. तीन थरांचं पॅकिंग, दोन ते आठ अंशांत ठेवायचं, हे सगळ्यांना पाठ होतं, पण पेटीत थर्मामीटर किती ठिकाणी होता?

सूक्ष्मदर्शी

सिस्टर, तुम्ही लिहिलंत त्याला लॅबच्या बाजूनं जोड देते. आम्ही प्रत्येक नमुन्यात माणसाचं स्वतःचं एक जनुक पण शोधतो, बहुतेक किटमध्ये ते आरनेझ-पी असतं. विषाणू नसला तरी ते दिसलंच पाहिजे. तेही दिसलं नाही, तर स्वॅबवर त्या माणसाच्या पेशीच आलेल्या नाहीत किंवा आरएनए काढताना काही बिघडलंय. असा नमुना निगेटिव्ह म्हणायचा नसतो, परत मागवायचा असतो. गर्दीच्या दिवसांत परत मागवणं म्हणजे गावाकडून फोनवर रागावणं ऐकून घेणं, तरी ते करावंच लागतं.

जिल्हाभर_फिरणारा

मी ग्रामीण भागात डॉक्टर आहे. माझं मत थोडं कडू वाटेल, पण गडहिंग्लजकरांचे पैसे लोकांचे आहेत म्हणून स्पष्ट लिहितो. तालुक्याच्या गावी पूर्ण आरटीपीसीआर लॅब उभारू नका.

९६ खान्यांची प्लेट असते, दोन कंट्रोल वजा जाता ९४ रुग्ण. साथ नसताना तुमच्याकडं दिवसाला आठदहा नमुनेही येणार नाहीत. मग एकतर आठ जणांसाठी कंट्रोलसकट फेरी लावायची, जी परवडत नाही, किंवा चार दिवस नमुने साठवायचे, म्हणजे रुग्णाला उपयोग नाही. रसायनं उणे २० अंशांत ठेवावी लागतात आणि मुदत संपली की टाकावी लागतात. सगळ्यात मोठी गोष्ट, आलेख वाचता येणारी माणसं. तुम्ही एक शिकलेली मुलगी नेमाल, ती वर्षभरात पुण्याला जाईल, कारण तिला इथं शिकण्यासारखं काम मिळणार नाही.

त्यापेक्षा ट्रूनॅट घ्या. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं यंत्र आहे, टीबीसाठी आधीपासून सरकारी दवाखान्यांत वापरात, २०२० मध्ये कोविडसाठीही मान्य झालं. बॅटरीवर चालतं, तपासणीच्या चिपा फ्रीजरशिवाय राहतात, साधारण तासाभरात उत्तर. एका वेळी थोडेच नमुने होतात हे खरं, पण तालुक्याला रोज तेवढंच लागतं. जोडीला एलायझा रीडर, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं तपासणारं यंत्र. डेंग्यू आणि चिकनगुनियाची आयजीएम (ताज्या आजारातली प्रतिपिंडं शोधणारी) किट पुण्याच्या एनआयव्हीनं बनवलेली आहेत, आपल्याकडच्या साथींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी सेंटिनल लॅब तीच वापरतात. पावसाळ्यानंतर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप). हे काम दरवर्षी आहे.

चंदगडच्या पलीकडं दोडामार्गात २०१६ मध्ये माकडताप (गोचिडांतून पसरणारा विषाणूचा ताप) आला होता. काजूच्या बागेतल्या कामगाराला ताप येतो, माकडं मेलेली सापडतात, आणि नमुना कुठं पाठवायचा हे माहीत असलेला माणूस जवळ असेल तरच ते लवकर कळतं. ताप आला की नमुना घ्यायची सवय असलेली लॅब हवी. यंत्र कुठलं, हा प्रश्न नंतरचा.

गडहिंग्लजकर

डॉक्टर, पटतंय, तरी एक शंका आहे. जुलै २०२१ आठवा. राज्यात इतरत्र दुसरी लाट उतरत होती आणि कोल्हापूर जिल्ह्यात पॉझिटिव्हिटी (तपासलेल्यांत पॉझिटिव्ह निघणाऱ्यांचं प्रमाण) अजून खाली यायला तयार नव्हती. त्यातच महापूर. महामार्ग बंद, आमच्याकडं हिरण्यकेशीवरचा भडगावचा पूल पाण्याखाली. अशा वेळी तुमचं ‘नमुना कोल्हापूरला पाठवा’ कसं चालणार? पेटी तयार आणि गाडी पुलाच्या अलीकडं.

पंचगंगाकाठ

गडहिंग्लजकरांच्या या मुद्द्यावर मी थांबून बोलणार आहे, कारण आमच्या घरात २०१९ लाही पाणी आलं आणि २०२१ लाही.

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. दोन्ही वर्षी पाणी ५० च्या वर गेलं. लोकांना वाटतं पूर म्हणजे घरात पाणी. लॅबच्या दृष्टीनं पूर म्हणजे आधी नळाचं पाणी जातं, कारण उपसा केंद्रंच बुडतात. २०१९ ला शहराच्या चारी बाजूंनी पाणी आणि नळ कोरडे. मग ऑटोक्लेव्हला (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राला) पाणी कुठलं, हात कशानं धुणार? महामार्ग बंद झाला की डिझेल संपतं, पंपावर रांगा लागतात. जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही, किती तासांचं डिझेल साठवलंय ते विचारा. उणे ८० चा फ्रीजर बंद पडला की साठवलेले नमुने जातात.

म्हणून माझं म्हणणं, कोल्हापूर जिल्ह्यात कुठलीही लॅब उभारताना पहिला कागद पूररेषेचा असावा. तळमजला स्वस्त पडतो म्हणून लॅब तिथं नको. आणि जनरेटर खाली, लॅब वर, असंही नको. ते मी डोळ्यांनी बघितलंय.

जिल्हाभर_फिरणारा

गडहिंग्लजकर, पूर हे ट्रूनॅटच्याच बाजूचं कारण आहे. बॅटरी, थोडी जागा, चिपांचा महिनाभराचा साठा. पूल बुडाला तरी ज्याला ताबडतोब निर्णय हवा, म्हणजे बाळंतीण, ऑपरेशनचा रुग्ण, धाप लागलेला माणूस, त्याची तपासणी गावातच होईल. बाकीचे नमुने थंड ठेवून रस्ता उघडल्यावर पाठवा.

सूक्ष्मदर्शी

डॉक्टरांशी मी आता बरीचशी सहमत आहे. पण साथ शिखरावर असताना ट्रूनॅट पुरत नाही, तेव्हा शेंडा पार्कसारखी मोठी लॅबच लागते. तिच्यावरचा भार कमी कसा करायचा, याचं थोडं गणित मांडते.

एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) पूल टेस्टिंगला, म्हणजे नमुने एकत्र करून तपासायला, परवानगी दिली. पाच जणांचे नमुने थोडे थोडे एकत्र करून एकच तपासणी. निगेटिव्ह आली तर पाचही मोकळे, पॉझिटिव्ह आली तर पाचांची वेगवेगळी. अट अशी की त्या भागात पॉझिटिव्हिटी दोन टक्क्यांच्या आत असावी. का, ते बघा. दोन टक्के असेल तर १०० माणसांचे २० गट, त्यातले साधारण दोन पॉझिटिव्ह निघतात, म्हणजे वरच्या दहा तपासण्या धरून ३० मध्ये काम होतं. तेच २० टक्के असेल तर २० पैकी तेरा-चौदा गट पॉझिटिव्ह, आणि एकूण तपासण्या ८७ च्या घरात. वेळ वाचत नाहीच, उलट रिपोर्ट एक फेरी उशिरा मिळतो. शाळेत ठेवलेल्या, लक्षणं नसलेल्या लोकांसाठी सुरुवातीला नमुने एकत्र करून तपासणं शहाणपणाचं होतं. लाट चढल्यावर नाही. हा निर्णय रोजचे आकडे बघून घ्यावा लागतो आणि ते आकडे तालुक्यातूनच वर यायला हवेत.

कचऱ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून तेही सांगून टाकते. सगळीकडं हायपोक्लोराइट ओतायची सवय असते. आरएनए काढायच्या बहुतेक किटमध्ये ग्वानिडिनची रसायनं असतात. त्या द्रवात हायपोक्लोराइट पडलं की विषारी वायू तयार होतो. तो कचरा वेगळ्या डब्यात, त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेलं, आणि सफाईच्या मावशींना समोर बसवून समजावलेलं असलं पाहिजे. त्यांना कुणी काही सांगत नाही आणि डबे उचलायला मात्र त्याच असतात. एरवीचा सूक्ष्मजीवांचा कचरा बाहेर द्यायच्या आधी जागेवरच निर्जंतुक करायचा, असा २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत दंडक आहे. म्हणजे ऑटोक्लेव्ह आलाच, ट्रूनॅट घेतलं तरी.

फॉर्मभरती

मी त्या काळात डेटा एंट्रीला होतो. सगळ्यांनी विसरलेली जागा आमची. प्रत्येक नमुन्याबरोबर फॉर्म, तो पोर्टलवर चढला की एक क्रमांक मिळतो, रिपोर्ट त्याच क्रमांकाला जोडला जातो. आत मशीनचं काम संपलेलं असायचं आणि रिपोर्ट आमच्या टेबलावर अडकलेले असायचे, कारण मोबाईल नंबरचा एक आकडा कमी, नाहीतर गावाचं नाव नुसतं ‘वाडी’. लॅबची वेळ मोजताना स्वॅब घेतल्यापासून माणसाच्या हातात रिपोर्ट पडेपर्यंत मोजा. मशीनच्या दोन तासांना काही अर्थ नाही. दोन संगणक, दोन माणसं आणि चांगलं इंटरनेट याचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा.

निवृत्त_गुरुजी

धागा मन लावून वाचतोय. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करायला जेमतेम जागा मिळाली होती. ऑक्टोबरात काम सुरू झालं आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. साथ ओसरल्यावरही ती प्रयोगशाळा मोडली नाही, १८९९ मध्ये परळला मोठ्या वास्तूत गेली आणि आजही हाफकिन संस्था म्हणून उभी आहे. पुण्याची एनआयव्हीसुद्धा १९५२ पासून सलग काम करत होती, म्हणून २०२० च्या जानेवारीत देशाला चाचणी करायला एक जागा तरी होती. गडहिंग्लजकर, तुमच्या देणगीदारांना हे जरूर सांगा. यंत्राच्या पाटीवर नाव लावण्यापेक्षा दरवर्षीच्या पगाराला आणि किटना पैसे देणं त्यांना पटेल असं बघा.

गडहिंग्लजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठकीत धाग्याच्या प्रती वाटल्या. ठरलं ते असं: आरटीपीसीआर मशीन घ्यायचं नाही. ट्रूनॅट, एलायझा, ऑटोक्लेव्ह आणि एक चांगली बायोसेफ्टी कॅबिनेट. रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत, व्याजातून दोन तंत्रज्ञांचे पगार. तंत्रज्ञांना वर्षातून काही दिवस मोठ्या लॅबमध्ये कामाला पाठवायची सोय होते का, हे आम्ही रीतसर पत्र देऊन विचारणार आहोत. सिस्टर, परिसरातल्या आशाताई आणि परिचारिकांसाठी स्वॅबचं प्रशिक्षण ठेवलं तर याल का?

जागा पहिल्या मजल्यावर, २०१९ आणि २०२१ दोन्हींत कोरडी राहिलेली. तीन खोल्या ओळीनं मिळाल्या. मधल्या खोलीत पूर्वेला खिडकी आहे, उजेड चांगला येतो, कॅबिनेट खिडकीखाली ठेवावी असं आमच्या इंजिनिअरचं म्हणणं आहे. चालेल का?

कागलची_सिस्टर

येणार की. शनिवार ठेवा, आणि सराव करायला पुतळा नसला तर आम्ही एकमेकींवर करू, मी पहिली बसते.

उद्यमनगर

खिडकीखाली नको. वारं आलं की समोरचा हवेचा पडदा फाटतोय. खिडकी काचेनं कायमची बंद करून घ्या, उजेड मिळतोय आणि वारं न्हाई. कॅबिनेट दारापासनं सगळ्यात लांबच्या भिंतीला, मागं आणि बाजूला सर्व्हिसवाल्याला हात घालता येईल एवढी जागा सोडून. नकाशा इथं टाका, लांबी-रुंदीसकट. पास बॉक्सचं माप त्यावरनं काढतो.

सूक्ष्मदर्शी

आणि नकाशावर अॅप्रनच्या खुंट्या दाखवा, तिन्ही खोल्यांत वेगळ्या. हात धुवायचं बेसिन बाहेर पडायच्या दाराजवळ हवं, नळ कोपरानं उघडणारा. पाण्याची टाकी लॅबसाठी स्वतंत्र ठेवता आली तर पंचगंगाकाठ यांनी सांगितलेली अडचण निम्मी सुटेल. दोन तंत्रज्ञांच्या जाहिरातीत डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) झालेल्यांबरोबर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानातल्या पदवीधरांनाही अर्ज करू द्या. आपल्या शिवाजी विद्यापीठातून दरवर्षी मुली बाहेर पडतात, त्यातल्या किती तरी आजरा-चंदगडच्याच आहेत. जाहिरात निघाली की मला कळवा, मी ती त्यांच्यापर्यंत पोचवते.